घटापाशी कार्बाईन

महादेवराव उमाटे यांची कार्बाईन घरी कमी आणि ठाण्यात जास्त राहायची. लोकसभा आली की ठाण्यात, विधानसभा आली की ठाण्यात, मग जिल्हा परिषद, मग आणखी कुठली तरी. निवडणुकीच्या काळात परवान्याचं हत्यार जमा करा असा हुकूम निघतो, आणि आपल्याकडे कुठलीच निवडणूक नाही असा काळ काही फारसा निघत नाही. कार्बाईन परत आली की त्यांच्या बायको कौशल्याबाई दारातच म्हणायच्या, "आली का वं माहेराहून?"

परवान्याची तऱ्हाही तशीच. महादेवराव कापसाचे व्यापारी. पूर्वी हंगामात रोकड पिशवीत घालून ते सेलू-हिंगणघाटच्या खेड्यांतून फिरायचे, तेव्हा जिवाच्या धास्तीने त्यांनी बंदुकीच्या परवान्याचा अर्ज केला. अर्ज आपल्या चालीने चालत राहिला. परवाना हातात पडला तोवर पैसे मोबाईलवरून जाऊ लागले होते आणि पिशवीत पानाचा डबा तेवढा उरला होता. पण मिळालेल्या परवान्यावर मुदतीत हत्यार घेतलं नाही तर परवाना जातो. हातची फुकट गेलेली वस्तू व्यापारी माणसाच्या जिवाला जास्त लागते, म्हणून महादेवराव नागपूरला जाऊन बंदुकीच्या दुकानात उभे राहिले.

तिथे नव्या कोऱ्या बंदुका रांगेने लावल्या होत्या. महादेवरावांचं लक्ष मात्र कोपऱ्यातल्या एका जुन्या लष्करी कार्बाईनवर गेलं. आखूड नळी, गडद लाकडाचा दस्ता, आणि दस्त्यावर कोणा गोऱ्या शिपायाने चाकूने कोरलेली दोन इंग्रजी अक्षरं, जे. टी.

"चालते का हे?" त्यांनी विचारलं.

"चालते म्हंजे? हिनं महायुद्ध जिंकलं जी!" दुकानदार म्हणाला.

महादेवरावांनी ते शब्दशः घेतलं आणि बंदूकही घेतली. सोबत काडतुसं मिळाली ती मूठभर, कारण त्या मापाची आता सहसा येत नाहीत. त्या दिवसापासून त्यांना एकच इच्छा होती. हिच्यातून एकदा तरी, आपल्या हाताने, बार काढायचा.

पण काढायचा कुठे? शेत बोर अभयारण्याच्या जंगलाला लागून. तिथे बार झाला तर वाघाच्या आधी वनखातं हजर. गावात काढावा तर ठाणं जवळ. वरातीत काढावा तर नवरदेवासकट आत जायची वेळ. राहिली नागपूरची नेमबाजीची रेंज. तिथला रविवार ठरवला, नवे बूट घेतले, कानात घालायला कापूस काढून ठेवला, की आचारसंहिता लागायची. असं इतक्यांदा झालं की बंदूक जुनी झाली असं म्हणता येईना, कारण ती आधीच जुनी होती. महादेवरावांनी अजून एकही बार काढलेला नाही हे दहेगव्हाण गावात कोणाला ठाऊक नव्हतं. पारावर ते महायुद्धाबद्दल असं बोलायचे की ऐकणाऱ्याला ते स्वतः जाऊन आल्यासारखं वाटावं.

आता पारावर एवढं बोलायचं म्हणजे घरी आलेल्या माणसाला काहीतरी दाखवायला हवं. कार्बाईन तर ठाण्यात. मुलगा स्वप्निल याने तोड काढली. दिल्लीच्या एका दुकानातून त्याने हुबेहूब तशीच नकली कार्बाईन मागवली. तोच आकार, तोच पट्टा, लाकडाचा रंगही तोच. फक्त दस्त्यावर अक्षरं नव्हती आणि आत काडतुसाऐवजी छर्रा होता. हिला परवाना लागत नाही. अंगणातल्या पेरूला नेम धरून स्वप्निलने तिची परीक्षा घेतली, तर छर्रा पेरूला लागला आणि पेरू जागचा हलला नाही. तरी बैठकीत ती शोभायची. महादेवरावही प्रामाणिकपणे सांगायचे, "हे नकली हाये जी. असली आपली ठान्यात ऱ्हायते."

तर त्या वर्षी काय झालं, कार्बाईन घरात आल्यापासून पहिल्यांदाच नवरात्रात ती घरी असणार होती. उमाट्यांच्या घरी घटापाशी घरची हत्यारं मांडायची चाल आहे. कोयता, विळा, पूर्वीचा कापूस तोलायचा काटा, सगळं धुऊनपुसून देवीपुढे बसतं आणि दसऱ्याला उठतं. कौशल्याबाई कधीच्या वाट पाहत होत्या की एकदा ती मेली बंदूकही देवीपुढे बसावी. आणि घट बसायच्या आदल्या दिवशी आचारसंहिता लागली.

महादेवराव कपाळाला हात लावून खाली बसले. "मी नाई जात ठान्यात," ते म्हणाले. "मले पाहावत नाई तिले तिथं सोडून येनं. स्वप्न्या, तू जाय."

दर वेळेप्रमाणे कौशल्याबाईंनी बंदूक जुन्या लुगड्यात गुंडाळली, वरून दोऱ्याने शिवली, आणि स्वप्निल ते गाठोडं ठाण्यात देऊन पावती घेऊन आला. मालखाना सांभाळणारे हवालदार प्रेमदास मेश्राम यांच्याकडे त्या दिवशी बंदुकांची रांग लागली होती. उमाट्यांचं लुगडं त्यांच्या ओळखीचं होतं. त्यांनी चिठ्ठी अडकवली आणि गाठोडं आत ठेवून कुलूप लावलं.

दुसऱ्या माळेला महादेवराव आरतीला बसले. घटाच्या मागे कोयत्याच्या शेजारी झेंडूची माळ घालून, नळी खाली करून बंदूक टेकवली होती. नळीच्या टोकाशी मातीतले गव्हाचे दाणे नुकतेच टरारायला लागले होते. नकली का होईना, देवीपुढे बसली, म्हणून त्यांनी एक फूल वाहायला हात पुढे केला. कौशल्याबाईंनी दस्त्याला भरपूर कुंकू लावलं होतं आणि ते कुंकू दोन कोरीव अक्षरांत छान भरलं होतं. जे. टी.

महादेवरावांच्या हातातलं फूल तसंच राहिलं.

"अवं," ते हळूच म्हणाले, "हे कोनती हाये?"

"असली," कौशल्याबाई वात सारखी करत म्हणाल्या.

"मंग ठान्यात कोनती गेली?"

"नकली."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? देवीपुढे नकली ठेवाचं अन् पोलिसाईले असली द्याचं? असं कुठं असते का जी? पोलिसाईले काय, थे तं अलमारीत कोंबून ठेवतेत. देवीले दिसते ना!"

महादेवरावांनी आरती कशीबशी संपवली. शेवटची टाळी वाजली तसे ते ओरडले.

"अवं, आचारसंहिता हाये! असली घरात सापडली तं परवाना जाईन. मी आत जाईन! अन् सरकारले नकली देऊन फसवलं म्हनून वरून आनखी एक कलम!"

"दसऱ्यापरेंत काई होत नाई."

"उचल थे आधी."

"घट बसला. आता हालवाचं नाई."

"मी उचलतो."

"उचला," कौशल्याबाई शांतपणे म्हणाल्या. "मंग घरात काई वाईटवंगाळ झालं तं मले बोलू नका."

महादेवरावांनी पुढे केलेला हात तसाच नेऊन डोकं खाजवलं. स्वप्निलला बोलावून झापलं, तर तो म्हणाला, "बाबा, मले काय मालूम? आईनं शिवून देल्लं, मी नेऊन देल्लं. जाऊन सांगून देऊ ना, चुकी झाली म्हनून."

"काय सांगतं? का आमच्या घरी पोलिसाईपेक्षा देवीले मोठं समजतेत?"

"मंग समजत नाई का?" कौशल्याबाई आतून म्हणाल्या.

दसऱ्यापर्यंत दम धरायचा, घट उठला की बंदूक गुपचूप बदलायची, असं शेवटी ठरलं. कशी बदलायची ते ठरलं नाही. आणि नवरात्रात घरात गुपचूप असं काही नसतं. रोज संध्याकाळी गावच्या बाया आरतीला यायच्या, आणि प्रत्येकीला घटामागची बंदूक दिसायची. महादेवरावांनीच वर्षभर सांगून ठेवलेलं, म्हणून सगळ्या म्हणायच्या, "नकली हाये, पन कशी असलीसारखी दिसते ना वं!" महादेवराव ओसरीवर बसून मान डोलवायचे आणि घाम पुसायचे.

एका संध्याकाळी ठाणेदारांची बायको आली. ठाणेदार नव्यानेच सांगलीकडून बदलून आलेले. बाई हौशी होत्या. "किती हुबेहूब बनवलीय हो!" म्हणत त्यांनी मोबाईल काढला आणि घटासकट बंदुकीचा फोटो घेतला. "आमच्या ह्यांना दाखवते. त्यांना असल्या जुन्या हत्यारांचं भारी वेड आहे."

महादेवराव त्या रात्री जेवले नाहीत.

ठाणेदारांनी फोटो पाहिला आणि ते खूष झाले. दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजा असते, ठाण्याच्या बंदुका टेबलावर मांडतात. त्यांनी प्रेमदास हवालदारांना बोलावलं. "नकली इतकी देखणी, तर असली काय असेल! यंदा उमाट्यांची कार्बाईन काढा आणि टेबलावर मधोमध ठेवा. आणि उमाट्यांना पूजेचं आमंत्रण द्या."

प्रेमदास मालखान्यात गेले. लुगडं उसवलं. कार्बाईन हातात घेऊन सवयीने दस्त्यावरून अंगठा फिरवला, आणि अंगठा नुसताच घसरला. अक्षरं नव्हती. इतक्या निवडणुकांमध्ये ती बंदूक त्यांच्याकडेच राहिली होती, तिची ओळख महादेवरावांइतकी त्यांनाही होती. त्यांनी ती उजेडात नेली, उलटी केली, सुलटी केली, दट्ट्या ओढला. आतून छर्रा पडला आणि टणटण करत टेबलाखाली गेला.

प्रेमदासांची निवृत्ती तोंडावर आलेली. आयुष्यभर मालखान्यातली सुई इकडची तिकडे झाली नव्हती. ते आमंत्रण घेऊन तडक उमाट्यांकडे आले.

"या, या प्रेमदासभाऊ," महादेवराव म्हणाले.

"दसऱ्याले ठान्यात पूजेले येजा जी, तुमची कार्बाईन टेबलावर मांडाची हाये, साहेबानं बोलावलं," प्रेमदास म्हणाले. त्यांची नजर बैठकीच्या रिकाम्या खुंटीवर होती. "इथली नकली नाई दिसत?"

"घटापाशी हाये. नकली. एकदम नकली."

प्रेमदासांनी उंबऱ्यातूनच आत पाहिलं. समईच्या उजेडात माळेखाली बंदुकीची नळी तेवढी दिसत होती. "जरा हातात घेऊन पाहू का?"

"घट बसला जी," कौशल्याबाई आडव्या आल्या. "हालवत नाई."

प्रेमदास परत येऊन बसले. त्यांनी मनाशी हिशेब मांडला. नकली इथे आहे. म्हणजे ठाण्यात असली असायला हवी. पण ठाण्यातलीही नकलीच आहे.

"भाऊ," त्यांनी जपून विचारलं, "नकली किती बोलावल्या होत्या तुमी?"

महादेवरावांच्या ध्यानात आलं की यांनी गाठोडं उघडलं. एक म्हणावं तर ती घटापाशी आहे असं आताच सांगून बसलो, मग ठाण्यात कुठून आली? घाईघाईत ते म्हणाले, "दोन."

"दुसरी कुठं हाये?"

"दुसरी... दुसरी हरपली."

"हरपली? कवा?"

"झाले थोडे दिवस. बैठकीतूनच कोनीतरी नेली."

प्रेमदासांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. आता सगळं जुळत होतं. कोण्या चोराने इथली नकली उचलली, मालखान्यात नेऊन ठेवली आणि असली घेऊन पसार झाला. मालखान्याची किल्ली गावात एकाच माणसाकडे असते, आणि तो माणूस उमाट्यांच्या बैठकीत चहाची कपबशी हातात धरून बसला होता. त्याने चहाला तोंड न लावताच कपबशी खाली ठेवली.

समोर महादेवरावांना वाटलं, झालं, याला सगळं कळलं. आता हा उठून ठाण्यात जाईल.

"चाय घ्या ना," ते केविलवाणं म्हणाले.

"नोको जी. आता चाय जात नाई," प्रेमदास म्हणाले आणि उठून ठाण्यात गेले.

ते दिसेनासे झाल्यावर महादेवराव भिंतीला टेकले. "संपलं," ते म्हणाले. "आता दसऱ्याले मले टेबलावर मांडतीन."

तेव्हा मात्र कौशल्याबाईही घाबरल्या. नवऱ्याचा चेहरा असा पडलेला त्यांनी सासऱ्यांच्या मयतीनंतर पाहिला नव्हता. त्या घटापुढे जाऊन उभ्या राहिल्या, हात जोडले, बराच वेळ ओठ हलवले आणि कानशिलावर बोटं मोडली.

"काय मागतलं?" महादेवरावांनी विचारलं.

"सांगतलं तं फळत नाई," त्या म्हणाल्या.

दसऱ्याला सकाळीच घट उठला. महादेवरावांनी केळीचे दोन खांब आणवले, ठाण्यातल्या पूजेचं टेबल सजवायला म्हणून. एका खांबाभोवती पानं जाडजूड बांधली आणि पानांच्या आत कार्बाईन. अंगावर कुंकू, हळद, नऊ दिवसांच्या तेलाचा वास, सगळं तसंच. पुसायला सवडच नव्हती. स्वप्निलने एक खांब घेतला, तो हलका होता. दुसरा महादेवरावांनी कोणाला धरू दिला नाही.

ठाण्यात टेबलावर पांढरी चादर अंथरली होती. ठाणेदार प्रेमदासांना म्हणत होते, "मेश्राम, तुम्ही इथे कसे? दसऱ्याला तुम्ही दीक्षाभूमीला जाता, सुट्टी तर मी मंजूर केली होती."

"नाई गेलो साहेब यंदा," प्रेमदास म्हणाले. बायको कांताबाई पांढरी साडी नेसून सकाळपासून तयार बसल्या होत्या आणि त्यांनी आठवडाभर पुरेल इतकं ऐकवलं होतं. पण टेबलावरची ती नकली वस्तू साहेबांच्या हाती सोडून नागपूरला जायची प्रेमदासांची छाती झाली नव्हती. त्यांनी ती मधोमध ठेवली होती खरी, पण झेंडूचे हार घालून घालून पार झाकून टाकली होती.

"हार काढा की जरा. दिसू दे," ठाणेदार म्हणाले.

"पूजा झाल्यावर काढू साहेब," प्रेमदास म्हणाले.

"हो, पूजेआधी काढत नाईत," महादेवराव पुढे सरसावले आणि त्यांनी स्वतःचा आणलेला हारही वर घातला. प्रेमदासांनी चकित होऊन त्यांच्याकडे पाहिलं आणि आणखी एक हार घातला. महादेवरावांनी उरलेली सुटी फुलं वाहिली. शेवटी टेबलाच्या मध्यावर झेंडूचा नुसता ढीग दिसत होता.

तेवढ्यात बाहेरून हाक आली. ठाण्याच्या जीपची पूजा आधी, मग आतली. लिंबं, नारळ घेऊन सगळे अंगणात धावले. ठाणेदार गेले, स्वप्निल गेला. आत दोघंच उरले.

"भाऊ, तुमी व्हा ना बाहेर. नारळ फुटून राह्यला," प्रेमदास म्हणाले.

"तुमी व्हा. मले हे खांब बांधाचे हायेत."

"मी बांधतो जी."

"नाई नाई, मीच बांधतो."

दोघांनी एकदमच खांबाला हात घातला. प्रेमदासांना तो नको तितका जड लागला, पण त्यांचं तिकडे ध्यान नव्हतं. ते मटकन खुर्चीवर बसले.

"भाऊ, आता लपवत नाई," ते म्हणाले. "तुमची असली बंदूक गेली."

"आं?"

"मालखान्यातून गेली. हे फुलाखाली हाये ना, हे तुमची हरपलेली नकली हाये. कोनीतरी बदलून नेली. किल्ली माह्यापाशीच होती." त्यांनी कमरेची किल्ली काढून दाखवली. "पेन्शन गेली तं जाऊ द्या जी. पन लोकं म्हनतीन, प्रेमदासनं बंदूक इकून खाल्ली. सारी नोकरी केली, कोनाचा एक खिळा घरी नाई नेला. माह्या पोरीच्या सासरी काय तोंड दाखवू मी?"

महादेवराव उभेच राहिले. नुसती मान हलवली असती तर ते सुटत होते. शिवाय असली घरी राहिली असती ती वेगळी, कुठल्याच निवडणुकीत जमा करायची भानगड नाही. माणूस व्यापारी असल्यामुळे हा विचार त्यांच्या मनात पुरता आला. पण समोर प्रेमदास बाहीने डोळे पुसत होते, आणि ते महादेवरावांना पाहवेना.

"उठा बाप्पा," ते म्हणाले. "गेली कुठं? हे घ्या तुमची बंदूक."

त्यांनी केळीची पानं फाडली. प्रेमदासांनी दस्त्यावरून अंगठा फिरवला. अंगठा अडकला आणि कुंकवाने लाल झाला.

"कुठं होती जी हे?"

"घटापाशी."

"थे तं नकली होती!"

"नकली इथं होती."

"मंग दुसरी नकली?"

"दुसरी नाईच."

"मंग हरपली थे काय?"

"काईच नाई हरपलं! माह्या बायकोनं देवीले असली देल्ली अन् तुमाले नकली देल्ली. देवीपुढे खोटं चालत नाई म्हने."

"भाऊ," प्रेमदास म्हणाले, "मोठ्या मानसाले शिवी देता येत नाई, म्हनून मी गप्प हाओ. माह्या घशाखाली घास नाई उतरला इतके दिवस!"

"माह्या उतरला का मंग?"

बाहेर नारळ फुटला. दोघांनी फुलांचा ढीग उपसला, नकली पानांत गेली, असली चादरीवर आली, आणि शेवटचा हार पडतो न पडतो तोच ठाणेदार आत आले.

"आता मात्र बघणार," म्हणत त्यांनी हार बाजूला केले आणि कार्बाईन उचलली. "वा! वा! काय चीज आहे!" मग ते थबकले. "मेश्राम, पूजा अजून व्हायचीय. हिला कुंकू कोणी लावलं?"

"माह्याच हातानं लागलं साहेब, मांडता मांडता," प्रेमदास लाल अंगठा दाखवत म्हणाले.

"आणि हे काय?" ठाणेदारांनी नळीच्या तोंडातून दोन बोटांनी एक लांब, पिवळा, नाजूक अंकुर ओढून काढला. मुळाशी गव्हाचा दाणा होता.

महादेवरावांनी डोळे मिटले.

"मालखान्यात ओल लय हाये साहेब," प्रेमदास म्हणाले.

"इतकी की गहू उगवावा?"

"छपराचं दोनदा लिहून देल्लं जी. कोनी ध्यानच देत नाई."

ठाणेदारांनी अंकुर न्याहाळला, गंभीरपणे मान हलवली आणि छपराचं उद्याच्या उद्या वर कळवतो म्हणून सांगितलं. पूजा झाली, सोनं वाटलं. प्रेमदास ठाणेदारांच्या पाया पडायचेच बाकी होते. "साहेब, थे सुट्टी अजून हाये का?" त्यांनी विचारलं, आणि हो ऐकताच ते घराकडे असे निघाले की दुपारच्या गाडीत कांताबाई खिडकीपाशी बसलेल्या गावाने पाहिल्या.

ठाणेदार महादेवरावांना सोडीनात. "उमाटे, हिचा आवाज कसा आहे हो?"

गावात कधी न कबूल केलेली गोष्ट महादेवरावांच्या तोंडून त्या दिवशी सुटकेच्या भरात निघून गेली. "साहेब, अजून ऐकलाच नाई."

"काय सांगता! निकाल लागू द्या. मी स्वतः तुम्हाला नागपूरच्या रेंजवर नेतो."

निकाल लागला. कोण निवडून आलं याकडे महादेवरावांनी फारसं लक्ष दिलं नाही. कार्बाईन घरी आली, रविवार ठरला, आणि आश्चर्य म्हणजे मध्ये कुठलीही निवडणूक आली नाही. महादेवराव पहाटेच दाढी करून, नवे बूट घालून, कानाचा कापूस खिशात ठेवून तयार होते. अंगणात ठाणेदारांच्या गाडीचा हॉर्न वाजला. त्यांनी बंदूक खांद्याला लावली, तर दारात कौशल्याबाई.

"कुठं निंगाले?"

"तुले मालूम नाई का? बार काढाले!"

"बंदूक ठेवा खाली."

"काऊन?"

"मी नवस बोलली होती देवीले. प्रेमदासभाऊ चाय न पेता गेले ना, त्या दिवशी."

"कोनता नवस?"

"का माय, माह्या मानसाले ह्याच्यातून सुखरूप सोडव, त्या बंदुकीतून जल्मात बार निंगनार नाई."

हॉर्न पुन्हा वाजला. "अवं पन," महादेवराव जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हणाले, "नवस तं तू बोलली ना!"

"मी बोलली. फेडाचा तुमाले हाये."

महादेवरावांनी घटाच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. दोन्हीकडून काही सुटका दिसेना. ते तसेच बाहेर गेले आणि गाडीच्या खिडकीत वाकले. "साहेब, ऱ्हाऊ द्या. महायुद्धातून दमून आली बिचारी. आता या वयात तिले कायले तरास द्याचा?"

ठाणेदार भारावून गेले. "खरे शौकीन तुम्ही, उमाटे," म्हणाले आणि एकटेच निघून गेले. संध्याकाळपर्यंत पारावर महादेवरावांच्या त्या वाक्याचं कौतुक चाललं होतं.

महादेवराव घरात आले. असली खुंटीला टांगली, नकली काढली. नव्या बुटांचं काहीतरी करायला हवंच होतं. ते अंगणात गेले, पाय रोवले, कानात कापूस घातला, एक डोळा मिटला आणि चाप ओढला. टुक् असा आवाज झाला.

"झाला का बार?" कौशल्याबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"झाला," महादेवराव म्हणाले.

छर्रा नेमका पेरूला लागला होता. पेरू पडला नाही.